आपल्या विधवा माता व आज्या : लक्ष्मीबाई टिळक यांच्या चरित्रावरून कांहीं विचार

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या मातांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं प्रथम परमेश्वराचे आभार मानावे, आणि मग ज्या धर्मगुरूंनीं व दात्यांनीं देऊळ उभारलें त्यांचें स्मरण करावें, असा शिरस्ता आहे, व तो योग्यच आहे. त्यांचीं नांवें या स्मरणिकेंत आपणांस अन्यत्र वाचावयास मिळतील. आजच्या सभेच्या चालकांनीं आम्हांस जो विषय दिला तो मात्र निराळा आहे. आपल्या विधवा माता व आज्या यांविषयीं आम्हीं चार शब्द बोलावे, अशी त्यांची इच्छा आहे. ती आम्हीं आनंदानें मान्य केली. कारण ज्यांचें नांव कोणत्याही संगमरवरी दगडावर कोरलेलें नाहीं, अशा स्त्रियांनीं परळ, लालबाग, दादर व गिरगांव या भागांतील आपल्या ख्रिस्ती घरांत श्रद्धेचा दिवा किती वर्षें तेवत ठेविला आहे, हें आम्ही आमच्या सेवाकाळांत पाहत आलों आहों.

धर्मग्रामाच्या कचेरींतील जुन्या वह्या आपणांपैकीं पुष्कळांनीं दाखल्याच्या निमित्तानें पाहिल्या असतील. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं प्रत्येक धर्मगुरूनें विवाहांची वही ठेवावी असा नियम केला, आणि १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथानें स्नानसंस्कार, विवाह व मृत्यु यांच्या नोंदी कशा कराव्या तेंही घालून दिलें. ही पद्धत मोठी उपयुक्त आहे. परंतु या वह्यांत एका स्त्रीचें आयुष्य शोधूं गेल्यास हातीं काय लागतें? स्नानसंस्काराच्या दिवशीं ती अमक्याची कन्या, विवाहाच्या दिवशीं तमक्याची वधू, आणि दफनाच्या दिवशीं कैलासवासी तमक्याची विधवा. तीन ओळी झाल्या कीं नोंद संपली. पतीच्या मागें तिनें काढलेलीं वीस, तीस, कधीं चाळीस वर्षें. त्या वर्षांत तिनें शिजविलेलें अन्न, फेडलेलें कर्ज, रात्रीं मुलांस गुडघ्यांवर बसवून म्हणवून घेतलेली जपमाळ, यांस त्या वहींत रकाना नाहीं. तीं वर्षें केवळ मुलांनातवंडांच्या स्मरणांत राहतात. आणि स्मरण ही फार लवकर झिजणारी वस्तु आहे.

पवित्र शास्त्रानें विधवांस विसरलेलें नाहीं. नाईन गांवच्या विधवेचें दुःख पाहून प्रभूस कळवळा आला. मंदिराच्या दानपेटींत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेकडे त्यानें शिष्यांचें लक्ष वेधलें. आणि वृद्ध विधवा हन्ना हिनें बाळ येशूस मंदिरांत ओळखिलें. संत पौल आपला शिष्य तीमथ्य यास लिहितो, त्या वेळीं त्याच्या श्रद्धेचें मूळ दाखवितांना तो मोठमोठ्या गुरूंचीं नांवें घेत नाहीं. तो प्रथम त्याची आजी लोईस हिचें नांव घेतो, व मग त्याची आई युनीके हिचें. साऱ्या नव्या करारांत 'आजी' हा शब्द या एकाच ठिकाणीं आला आहे. ज्यावर एफेस येथील मंडळीचा भार पडला, त्या तरुणाच्या श्रद्धेचा उगम एका म्हाताऱ्या बाईच्या घरांत होता, हें प्रेषितानें आवर्जून लिहून ठेविलें.

संत मोनिकेचें उदाहरण आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. तिचा पुत्र ऑगस्टीन सतरा वर्षांच्या सुमाराचा असतां तिचा पति पात्रिसियुस वारला. पुढें भटकलेल्या मुलासाठीं तिनें गाळलेले अश्रू जगप्रसिद्ध आहेत. परंतु ती आजीही होती, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ३८७ सालीं ओस्तिया बंदरांत तिनें प्राण सोडला, तेव्हां तिचा नातू आदेओदातुस मोठ्यानें रडूं लागला व इतरांनीं त्यास आवरलें, असें ऑगस्टीनानें आपल्या आत्मनिवेदनाच्या नवव्या भागांत लिहिलें आहे. आपला देह कोठेंही पुरावा, मात्र प्रभूच्या वेदीपाशीं आपलें स्मरण ठेवावें, एवढेंच तिनें मुलांपाशीं मागितलें. स्वतः मोनिकेनें लिहिलेली एक ओळही आपणांपाशीं नाहीं. पुत्रानें लिहिलें म्हणून ती माता आपणांस लाभली.

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. येथें एका ख्रिस्ती विधवा मातेकडे तिच्या पुत्रानें आठवणी मागितल्या, आणि त्या तिनें स्वतःच्या शब्दांत सांगितल्या. ती माता म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांचें नांव शाळेच्या पुस्तकांमुळें आपल्या मुलाबाळांसही ठाऊक आहे. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेंतील नव्हत्या, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींतील होत्या, हें आम्ही जाणतों. परंतु १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें ख्रिस्ती ऐक्यावरील आपल्या आदेशांत, विभक्त बंधूंच्या ठायीं जें जें ख्रिस्ताचें धन आहे तें आनंदानें मान्य करावें, असें आपणांस शिकविलें आहे. तेव्हां या मराठी भगिनीचा आदर करण्यांत आपण आपल्या सभेच्या शिकवणुकीसच अनुसरतों.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजीं नाशिकजवळ जलालपूर येथें झाला. माहेरचें त्यांचें नांव मनकर्णिका गोखले. वडिलांचें सोंवळें इतकें कडक होतें कीं, त्यापायीं घरांतील माणसांस अतोनात जाच सोसावा लागे. १८८० सालीं, वय बारा वर्षांच्या आंतबाहेर असतां, त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशीं झाला. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. अक्षरओळख झाली ती पतीमुळें. पति थोर कवि, मनाचा उदार, परंतु वृत्तीचा अस्थिर. आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं. हातीं पैसा आला तर तो दुसऱ्याच्या गरजेस जावयाचा. अशा पुरुषाचा संसार करणें म्हणजे काय, हें लक्ष्मीबाईंनीं पुढें हंसत हंसत लिहिलें. भोगतांना तें हंसण्यासारखें खचित नव्हतें.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं आपल्या या मुंबई शहरांत टिळकांनीं ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतला. त्या काळीं ब्राह्मण घरांतील स्त्रीस ही वार्ता पतीच्या मृत्यूहून वेगळी वाटण्याजोगी नव्हती. पति जिवंत, आणि तरीही ती एकटी. पदरीं लहानगा दत्तू. चार-पांच वर्षें लक्ष्मीबाई पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयानें राहिल्या. पतीनें धर्म बदलला म्हणून आपणही बदलावा, असें त्यांनीं केलें नाहीं. पुढें त्या अहमदनगरास पतीकडे आल्या, त्या वेळींही त्यांनीं आपलें सोंवळें व आपली चूल वेगळीच ठेविली. मग हळूहळू त्यांच्या अंतःकरणांत विचार सुरू झाला. जातिभेद देवानें केलेला नसून माणसांनीं केलेला आहे, असें त्यांस प्रथम पटलें, व तो त्यांनीं आधीं टाकिला; ख्रिस्तावरील श्रद्धा त्यामागून आली. १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला.

मातांनो, या गोष्टीकडे आम्ही तुमचें लक्ष मुद्दाम वेधितों. पतीच्या व पत्नीच्या बाप्तिस्म्यामध्यें पांच वर्षांचें अंतर आहे. हें अंतर म्हणजे एका स्त्रीच्या विवेकबुद्धीनें घेतलेला वेळ होय. जी श्रद्धा तिनें शेवटीं धरिली, ती नवऱ्याकडून उसनी घेतलेली नव्हती. म्हणूनच पुढें नवरा गेला, तेव्हां ती श्रद्धा त्याच्याबरोबर गेली नाहीं.

टिळक ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत निवर्तले. लक्ष्मीबाई त्या वेळीं पन्नाशींत होत्या. त्यांच्या घरांत केवळ स्वतःचीं मुलें नव्हतीं. दुष्काळांत व प्लेगांत पोरकीं झालेलीं कित्येक मुलें टिळक दांपत्यानें आपल्या पंखांखालीं घेतलीं होतीं. आधीं घरांत पैसा टिकत नसे, आतां मिळविणाराही उरला नाहीं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें त्यांचा अंत झाला; म्हणजे जवळजवळ सतरा वर्षें त्या विधवा म्हणून जगल्या. या सतरा वर्षांत त्यांनीं काय केलें, हें पाहण्यासारखें आहे. 'ख्रिस्तायन' हें प्रभु येशूच्या जीवनावरील महाकाव्य टिळकांनीं आरंभिलें होतें, तें थोड्या अध्यायांवरच थांबलें होतें. जिला शाळा माहीत नव्हती, त्या बाईनें तें पुढें चालविलें, व त्याचा बहुतेक सारा भाग तिच्या हातचा आहे. आणि पुत्र देवदत्त यांस वडिलांच्या चरित्रासाठीं आठवणी हव्या होत्या, तेव्हां त्या सांगतां सांगतां तिच्या लेखणींतून 'स्मृतिचित्रें' उतरलीं. १९३४ पासून ती चार भागांत प्रसिद्ध झालीं. शेवटचा भाग अपुरा असतां लेखिका देवाघरीं गेली. तो पुत्रानें पुरा केला. पुढें नातू अशोक देवदत्त टिळक यांनीं आजीच्या ग्रंथाची संपूर्ण आवृत्ति साक्षेपानें संपादिली.

या तीन पिढ्यांकडे पाहा. पुत्रानें विचारिलें, मातेनें सांगितलें, नातवानें जतन केलें. यांपैकीं एकही दुवा तुटता, तर मराठी भाषा आपल्या एका अत्युत्तम आत्मचरित्रास मुकली असती. आणि गंमत अशी कीं, पुत्रानें आठवणी मागितल्या त्या पित्याच्या. परंतु माता बोलूं लागली तेव्हां तिचें स्वतःचें आयुष्यच प्रकट झालें. पतीची थोरवी तिनें लपविली नाहीं, त्याचा तापट स्वभावही लपविला नाहीं, आणि स्वतःच्या भित्रेपणावर व अज्ञानावर तर ती सर्वांआधीं हंसली. वाचकास हंसूं व रडूं एकदमच येतें. पतीविषयीं खरें बोलल्यानें तिचें प्रेम उणें झालें नाहीं. उलट त्या प्रेमावर आपला अधिकच विश्वास बसतो.

लक्ष्मीबाई टिळक नाशिक-नगरच्या. परंतु त्यांच्यासारख्या बाया आपल्या गिरणगांवांत थोड्या झाल्या नाहींत. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं ताडदेव येथें गिरणीचा पाया घातला, आणि मग पाहतां पाहतां परळ-लालबागच्या आकाशांत धुराडीं उभीं राहिलीं. कोंकणांतून, देशावरून, गोव्यांतून, वसईकडून माणसें आलीं. घरधनी खात्यांत काम करतां करतां छातीच्या विकारानें किंवा अपघातानें गेला, तर मागें राहिलेली बाई काय करी? कोणी वाइंडिंग खात्यांत लागली. कोणी दहा बाय बाराच्या खोलींत गिरणीवाल्यांची खानावळ घातली. पहाटे चारला स्टोव्ह पेटला कीं तो रात्रपाळीच्या जेवणापर्यंत विझत नसे. या खानावळवाल्या बायांस सावकाराच्या व्याजांतून सोडवून बँकेचें कर्ज मिळावें, म्हणून १९७५ सालीं श्रीमती प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार घरीं बसले, आणि तो संप रीतसर मागें घेतला गेल्याचें आजतागायत कोणीं जाहीर केलेलें नाहीं. त्या दिवसांत किती घरांची चूल आजीच्या हातच्या पोळ्यांवर चालली, हें त्या घरांतील मुलांस विचारा. तीं मुलें आतां साठीकडे झुकलीं आहेत.

आपल्या धर्मग्रामांतील अशा कित्येक आज्यांस आम्ही जाणतों. नांवें घेणें त्यांस आवडणार नाहीं. सकाळच्या पवित्र मिस्सेस त्या पुढच्या बांकावर असतात. नवीन धर्मगुरु आला कीं त्याच्या जेवणाची चौकशी प्रथम त्या करतात. चाळींत कोणी आजारी पडलें कीं अंतिम अभ्यंगासाठीं आम्हांस निरोप त्यांच्याकडूनच येतो. नातवंडांस क्रूसाची खूण त्यांनींच शिकविली. आईबाप नोकरीवर, मूल आजीपाशीं. म्हणजे आजच्या मुंबईंत पुष्कळ घरांत लोईसचेंच काम चाललें आहे.

आणि तरीही, बंधूंनो, कांहीं गोष्टी आमच्या पाहण्यांत येतात, त्या आजच्या दिवशीं सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

पहिली गोष्ट लग्नकार्याची. मुलाचें लग्न असतें. ज्या आईनें एकटीनें त्यास वाढविलें, तिलाच घरच्या विधींच्या वेळीं मागें उभें राहावयास सांगतात, कां, तर ती विधवा. कोणी सांगत नाहीं, तर ती स्वतःच मागें सरते, कारण तसें तिच्या अंगवळणीं पाडलें आहे. ही चाल ख्रिस्ताची नव्हे. ज्या प्रभूनें विधवेच्या दोन टोल्यांचा मान राखिला, त्याच्या घरांत विधवेची सांवली अशुभ कशी होईल? येत्या महोत्सवाच्या मिस्सेंत अर्पणाच्या वेळीं भाकर व द्राक्षारस वेदीपर्यंत आणण्याचा मान आपल्या धर्मग्रामांतील वृद्ध विधवांस द्यावा, असें आम्हीं ठरविलें आहे. तुम्हीही आपापल्या घरच्या पुढच्या लग्नांत नवरानवरीस पहिला आशीर्वाद देण्यास आजीसच पुढें बोलवा.

दुसरी गोष्ट खोलीची. जुन्या चाळी पाडून मोठमोठ्या इमारती होत आहेत. ज्या खोलीची भाडेपावती पतीच्या मागें आजीच्या नांवावर झाली, ती खोली आतां लाखोंची झाली. मग कागदावर आजीची सही हवी असते. सही झाली कीं आजीचें बिऱ्हाड या मुलाकडून त्या मुलाकडे फिरूं लागतें, आणि शेवटीं ती दूर एखाद्या उपनगरांत, जेथें तिच्या ओळखीचें देऊळ नाहीं, शेजारीण नाहीं, अशा ठिकाणीं खिडकीशीं बसून राहते. सर्व घरीं असें घडतें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जेथें घडतें, तेथें चौथी आज्ञा मोडते. सही घेण्यापूर्वीं तिला कागद वाचून दाखवा. ती कोठें राहूं इच्छिते हें तिला विचारा. आणि तिच्या उत्तरास मान द्या. कोणा आजीस याबाबत मनांतलें बोलावयाचें असेल, तर आमच्या कचेरीचें दार तिला उघडें आहे.

तिसरी गोष्ट आठवणींची, आणि ती करणें सर्वांत सोपें आहे. पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ सालीं आजीआजोबा व वृद्ध यांच्यासाठीं जागतिक दिवस नेमून दिला. जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारीं, म्हणजे संत योआकिम व संत आन्ना यांच्या सणाच्या आसपास, तो पाळतात. त्या दिवशीं फूल देऊन आजीचा फोटो काढणें ठीक आहे. परंतु त्याहून एक मोठें काम नातवंडांनीं करावें. एक वही घेऊन आजीपाशीं बसावें, किंवा हातांतील मोबाईलवर तिचा आवाज धरून ठेवावा. तिला विचारावें, आजी, तूं मुंबईस केव्हां आलीस? आजोबा गेले त्या दिवशीं घरांत काय होतें? कोणीं मदत केली, कोणीं पाठ फिरविली? देवावर रागावली होतीस काय? या शेवटच्या प्रश्नास भिऊं नये. लक्ष्मीबाईंनीं आपली शंका, आपला हट्ट, आपलें भांडण, सारें लिहिलें, आणि म्हणूनच त्यांच्या श्रद्धेवर वाचकाचा भरंवसा बसतो. आजी म्हणेल, माझ्यापाशीं सांगण्यासारखें काय आहे? प्रत्येक आजी तसेंच म्हणते. तरीही बसून राहावें. चहा होईपर्यंत ती बोलूं लागेल. अशा वह्यांच्या प्रति आमच्याकडे आणून दिल्यास, स्नानसंस्काराच्या व दफनाच्या वह्या ज्या कपाटांत आहेत, त्याच कपाटांत त्या आम्ही जपून ठेवूं.

आतां, आज्यांनो, दोन शब्द केवळ तुमच्यासाठीं. पति गेल्यावर जें उरलें तें केवळ दिवस मोजणें आहे, असें तुमच्यापैकीं कित्येक आमच्यापाशीं बोलून दाखवितात. परंतु लक्ष्मीबाईंच्या ज्या कामामुळें त्यांचें नांव आज घरोघरीं घेतलें जातें, तें बहुतेक सर्व काम त्यांच्या हातून पन्नाशीनंतर व वैधव्यांत झालें. तुम्हांस ग्रंथ लिहावयास कोणी सांगत नाहीं. मात्र जें तुम्ही जगलांत तें तुमच्या नातवंडांचें धन आहे. तें गांठोडें सोडून दाखविल्यावांचून बरोबर नेऊं नका.

शेवटीं, या धर्मग्रामांतून प्रभूच्या घरीं गेलेल्या सर्व विधवा मातांसाठीं व आज्यांसाठीं आपण क्षणभर उभे राहून प्रार्थना करूं. मोनिकेनें मागितलें तेंच त्यांनींही आपणांपाशीं मागितलें आहे, वेदीपाशीं स्मरण. हे प्रभो, क्रूसावरून तूं आपल्या मातेस शिष्याच्या स्वाधीन केलेंस. आमच्या मातांस आमच्या स्वाधीन केलें आहेस, हें आम्हांस विसरूं देऊं नको. ज्या गेल्या त्यांस तुझें अखंड दर्शन दे; ज्या आहेत त्यांस घर, मान व ऐकणारें माणूस दे. पवित्र मरिया, दुःखी माते, आम्हांसाठीं विनंती कर. आमेन.